टोकन, जिना आणि ग्रामोफोन: पणजीच्या मळ्यातल्या एका घर-संग्रहालयाची उशिरापर्यंतची रात्र

प्रकरण कशाचं

शहरातली संग्रहालयं आणि कलादालनं वर्षातून एका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची, ही कल्पना युरोपातली. बर्लिनमध्ये अशी रात्र 1997 पासून होते. तिथे ती मोफत नसते. एकाच तिकिटात सगळी दारं उघडतात आणि बसप्रवासही त्यातच येतो. फ्रान्सने 2005 पासून मे महिन्यातला एक शनिवार धरला, 18 मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाच्या आसपासचा, आणि तिथे बहुतेक ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पणजीत आम्ही काही जणांनी जे केलं ते या दोन्हींच्या मानाने चिमूटभर: सात ठिकाणं, एक संध्याकाळ आणि पदरचे पैसे.

त्या सातांतल्या सर्वांत लहान ठिकाणाची ही हकिकत. तेच निवडलं, कारण बाकीच्या सहांत सांगण्यासारखं काही बिघडलं नाही. घराची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बोलणं सगळं कोकणीतच झालं, इथे मराठीत देतो आहे.

पार्श्वभूमी

घर पणजीच्या मळा या जुन्या वस्तीत, मारुतीगडाच्या उताराखाली. समोर बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, त्याच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे सोपे, म्हणजे बसायची बाकं, आत दोन खोल्या, मागे आंगण, तुळस आणि बिनझाकणाची विहीर. वर लाकडी तक्तपोशीची माडी. माडीवर जायला एकच जिना, तोही इतका अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर आले तर एकाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं.

घरमालकांना आम्ही सगळे भाई म्हणतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांपासून घरात नाटकाचं वेड. गावोगावच्या जत्रांत आणि देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांची हस्तपत्रकं, नटमंडळींचे फोटो, पेटीमास्तरांच्या वह्या, तबकड्यांचं एक कपाट आणि हाताने चावी द्यायचा कर्ण्याचा ग्रामोफोन. गोव्यात असा साठा अनेक घरांत होता. वाळवीने आणि वाटण्यांनी बराचसा संपवला. भाईंनी तो राखला, माडीवर काचेच्या पेट्या करून मांडला, आणि रविवारी सकाळी फोन करून येणाऱ्याला स्वतः दाखवतात. महिन्याला दहा-पंधरा माणसं आली तरी वहिनींच्या, म्हणजे भाईंच्या पत्नीच्या, हिशेबाने ती गर्दी.

मी छापखानेवाला. मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कागदावर दिसतं, हे पुढे येणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रयत्न आम्ही मे महिन्यात केला होता, फ्रान्सकडे बघून. तो फसला. सुटी पडलेली, पणजीतली निम्मी घरं आंबे-फणस खायला गावी गेलेली, हवा घामट, आणि साडेसातला वीज गेली ती नऊला आली. शिवाय ज्या दिवसांत जुन्या कागदाला दमटपणापासून सांभाळायचं, त्याच दिवसांत दारंखिडक्या सताड उघडून शंभर माणसं आत घ्यायची, हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. म्हणून दुसऱ्या वर्षी जानेवारीतला शनिवार धरला. हवा कोरडी, साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त, सातला पूर्ण अंधार. जत्रा आणि लग्नं याच दिवसांत असतात, पण ते गोव्यात कधी नसतं?

अडचण काय होती

रविवारी दहा माणसं बघणाऱ्या घरात एका रात्रीत तीन-चारशे माणसं कशी दाखवायची, ही दिसणारी अडचण. पणजीकरांना आता मोठ्या कार्यक्रमांची सवय आहे. 2004 पासून चित्रपट महोत्सव, 2016 पासून डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत माणसं चालत चालत चित्रं बघतात आणि बाहेर पडून भेळ खातात. पण गोमेकॉचे जिने दगडी, रुंद आणि दालनं मोठी. तिथली गर्दी मळ्यातल्या घरात ओतली तर ती वाहणार नाही, तुंबणार.

आम्ही एका ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याला बोलावून माडी दाखवली. त्यांनी खालून वाशे ठोकून बघितले, दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितला, आणि सांगितलं, “एका वेळी वीस. आणि सगळे एका कोपऱ्यात जमू देऊ नका.” हे वीस आम्ही वहीत लिहून घेतले. जिन्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. ही या प्रकरणातली पहिली चूक. त्या वेळी ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

दुसरी अडचण उजेडाची. जुन्या कागदावर आणि कापडावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. तैलचित्रांना 200 पर्यंत चालतं. दिवसा भाई खिडकीत काचेच्या जागी बसवलेल्या शिंपल्यांतून येणाऱ्या उजेडावर भागवतात. रात्री 50 लक्स म्हणजे बाहेरच्या दिव्यांतून आलेल्या माणसाला अंधारच. मग तो मोबाइलचा टॉर्च काढणार आणि पंचाहत्तर वर्षांच्या कागदावर सरळ मारणार.

पर्याय आणि त्यांवरचे वाद

बैठका भाईंच्या बाल्कांवातच झाल्या. चहा वहिनींचा, वाद आमचे.

पहिला पर्याय ऑनलाइन नोंदणीचा. आमच्यातल्या दोघा तरुणांना तोच हवा होता. भाईंचा साफ नकार: “ज्यांच्या आजोबांचं नाव माझ्या पत्रकावर आहे, ती माणसं डिचोली-सत्तरीतली. ती फॉर्म भरून येणार नाहीत. ती जत्रेला येतात तशी येणार.” मला त्यांचं पटलं. खरं म्हणजे मला छपाईचं काम मिळणार होतं म्हणूनही पटलं असेल.

दुसरा, नाममात्र पन्नास रुपये घ्यायचे आणि बाहेर पडताना परत द्यायचे. मोफतचं मोफत राहतं, पण ज्याला खरंच यायचं तोच टोकन घेतो. सुट्या पैशांची कटकट आणि “पैसे घेतात” अशी बोंब होईल, या भीतीने आम्ही तो टाकला. आज मागे बघताना वाटतं, याच पर्यायावर आम्ही सर्वांत कमी वेळ घालवला, दहा मिनिटंसुद्धा नाही.

तिसरा, काहीच नियम नको, दारात एक माणूस उभा करून वरचे उतरतील तसे खालचे सोडायचे. हा वहिनींचा. “देवळात दर्शनाला काय टोकन असतं?” मी म्हटलं, मोठ्या देवळांत असतं हल्ली. त्या गप्प झाल्या. त्यांना गप्प करायला नको होतं.

शेवटी ठरली वेळ छापलेली मोफत टोकनं. संध्याकाळी 6 ते रात्री 10.30, दर पंधरा मिनिटांना वीस जण. अठरा फेऱ्या, 360 टोकनं. प्रत्येक तासाचा रंग वेगळा, मधोमध भोकांची रेघ, अर्धं पाहुण्याकडे, अर्धं जिन्याखालच्या डब्यात. टोकनं फार सुबक झाली होती. लोकांनी ती पाकिटात जपून ठेवली, त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

उजेडाचा प्रश्न मात्र नीट सुटला. निवडक पंधरा पत्रकांच्या तिप्पट आकाराच्या प्रती काढून खालच्या खोलीत भरपूर उजेडात लावल्या. मजकूर तिथे वाचायचा, मग मंद दिव्याच्या जिन्याने वर जाऊन अस्सल कागद बघायचा. तोवर डोळे सरावतात आणि मजकूर डोक्यात असतो, त्यामुळे टॉर्चची गरज कमी भासते. विहिरीवर सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या आणि वरून जाळी बांधली. गाड्या खाडीपलीकडे पाटो भागात ठेवून पुलावरून चालत या, असं पत्रकात ठळक छापलं, आणि ते बऱ्याच जणांनी पाळलं.

ग्रामोफोन माडीवरच ठेवायचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. तो कायम तिथेच असतो.

ती रात्र: सहा ते पावणेनऊ

सहाला दार उघडलं तेव्हा गल्लीत चाळीस-पन्नास माणसं होती. सव्वासातला मी टोकनांच्या टेबलाशी गेलो तर शेवटच्या दोन रंगांचे गठ्ठेही संपत आलेले. 7.35 ला सगळी 360 टोकनं गेली. आम्ही एकमेकांना टाळी दिली. ती चुकीच्या वेळी दिली होती.

टोकनाला काही पडत नव्हतं, म्हणून माणसं ते “असू दे” म्हणून घेत होती. एका गृहस्थांनी घरच्या सहा जणांची नवाची टोकनं घेतली आणि तोवर जेवून येतो म्हणून गेले. दुसऱ्या एका गटाने आमच्या सातही ठिकाणांची माहिती घेऊन फक्त आमच्याकडचीच टोकनं खिशात टाकली, कारण टोकन फक्त आमच्याकडेच होतं.

वर दुसरंच चाललं होतं. भाई प्रत्येक गटाला तबकडी ऐकवायचे. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. त्याआधी चावी द्यायची, सुई बदलायची, कारण पोलादी सुई दर बाजूला नवी लावावी लागते, नाहीतर ती तबकडी खाते. दोन बाजू वाजवल्या की आठ मिनिटं गेली. उरलेल्या सातांत वीस जणांनी पेट्या बघून त्या जिन्याने उतरायचं. आणि उतरतंय कोण? कर्ण्यातून तो खरखरीत, नाकातून आल्यासारखा आवाज निघाला की माणसं जागच्या जागी थांबायची. मोबाइल वर केलेले हातसुद्धा हळूहळू खाली यायचे. “आणखी एक लावा ना, भाई,” असं एकाने तरी म्हणायचंच, आणि भाई नाही म्हणणारे नव्हेत.

त्यात आमच्या एका उत्साही स्वयंसेविकेने खाली रांगेत सांगायला सुरुवात केली की वर “अंतराळात गेलेला आवाज” ऐकायला मिळतो. गोष्ट अर्धी खरी. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 च्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे, हे खरंच. भाईंकडे केसरबाईंची तबकडी आहे, हेही खरं. पण ती तबकडी दुसऱ्या रागाची. रांगेला हा फरक कोण समजावणार? रांग दुप्पट झाली.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. खालच्या खोलीत मोठ्या केलेल्या एका पत्रकापुढे आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती. पत्रकावर तिकिटांचे दर तांगांत छापलेले. तिने आईला विचारलं तांगा म्हणजे काय. आईला माहीत नव्हतं. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ओळखदेख काही नाही, खिशातून पेन काढून टोकनाच्या पाठीवर लिहून दाखवलं: सोळा तांगा म्हणजे एक रुपी, पुढे 1958 नंतर एस्कुदो आले. मग म्हणाले, “माझा बापूस हे नाटक बघायला चालत गेला होता, पाय पोळले होते म्हणायचा.” भोवती दहा-बारा जण जमले. तेवढ्यात आमचा दारावरचा मुलगा आला आणि म्हणाला, “पुढे चला, पुढच्या गटाची वेळ झाली.” त्याने नेमकं तेच केलं जे आम्ही त्याला शिकवलं होतं. ते गृहस्थ पेन खिशाला लावून निमूट बाहेर पडले. टोकन मात्र मुलीने ठेवून घेतलं.

प्रत्येक गट सरासरी पाच मिनिटं लांबत होता. दोन तासांत आठ गट, म्हणजे चाळीस मिनिटं. आठचं टोकन घेतलेला माणूस 8.40 ला अजून गल्लीतच. त्याच्यामागे सव्वाआठचे, साडेआठचे, आणि या सगळ्यांच्या अवतीभवती टोकन न मिळालेले शंभरेक जण.

निर्णयाची पहिली वेळ: 8.40

जिन्याखाली आम्ही चौघे उभे राहून बोललो, जेमतेम तीन मिनिटं. ग्रामोफोन बंद करायचा, हा एक मार्ग. भाईंना ते सांगायला कोणी तयार नव्हतं. ग्रामोफोन खाली आंगणात आणायचा, हा दुसरा. तो जड आहे, कर्णा सुटा करावा लागतो, त्यासाठी जिना दहा मिनिटं बंद ठेवावा लागेल, आणि आधीच उशीर. तिसरा, एका गटात विसाऐवजी तीस घ्यायचे आणि मागे पडलेला वेळ भरून काढायचा.

तिसरा मार्ग मी निवडला. माझा युक्तिवाद असा: अभियंता वीस म्हणाला म्हणजे त्यात त्याने थोडं हातचं राखलेलं असणारच. हा युक्तिवाद मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहे, छापखान्याच्या वायरिंगच्या बाबतीत, आणि दर वेळी चिडलो आहे.

निर्णयाची दुसरी वेळ: 9.05

तक्तपोशीला काही झालं नाही. तीस जणांचा दुसरा गट उतरत होता. वरच्यांना तबकडी संपेपर्यंत थांबायचं होतं, खालचे चढायला उतावीळ. जिन्याच्या मध्यावर सात-आठ जण अडकले आणि एका बाईंनी तोल सावरायला कठड्यावर भार दिला. कठड्याचा खालचा खांब पायरीतून बोटभर उपटला. आवाज मोठा नव्हता, उसाचं कांडं मोडावं तसा. बाई पडल्या नाहीत. मागच्या मुलाने त्यांना दंडाला धरलं. पण जिन्यावरचे सगळे एकदम गप्प झाले आणि वरून गाणं तेवढं ऐकू येत राहिलं.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, कठड्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “आतां पुरो.”

त्यानंतर चर्चा झाली नाही. वरच्यांना एकेक करून भिंतीकडून उतरवलं. माडी वीस मिनिटं बंद. भाईंना मी वर जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी सुई उचलली, कर्णा स्वतः सोडवला, आणि दोघा मुलांनी ग्रामोफोनची पेटी आंगणात नेली. तबकड्यांचा खोका मी घेतला. घाईत वरच्या चार तबकड्या खोक्यात न ठेवता काखेत धरल्या. शेवटच्या पायरीवर एक निसटली. लाखेची तबकडी पडली की तिला तडा जात नाही, तिचे तुकडे होतात. नाट्यपदांची होती. भाईंनी तुकडे उचलले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

साडेनऊनंतर

आंगणात तुळशीच्या कट्ट्यावर ग्रामोफोन ठेवला आणि संध्याकाळ पालटली. माणसं विहिरीच्या फळ्यांपासून दूर, जमिनीवर बसली. साठेक तरी असतील. कर्ण्याचा आवाज आंगणाला पुरेसा होता; माइकची गरज पडली नाही, त्यामुळे दहानंतरच्या ध्वनिवर्धकबंदीचा प्रश्नही उभा राहिला नाही. माडीवर एका वेळी फक्त बारा, टोकन बघायचं नाही, जिन्याच्या तळाशी एक आणि माथ्याशी एक असे दोघे उभे, एकाने हाक दिल्याशिवाय दुसऱ्याने सोडायचं नाही. वर आता संगीत नव्हतं, म्हणून माणसं पेट्या बघत आणि उतरत. ज्यांना रेंगाळायचं होतं ते आंगणात रेंगाळत. म्हणजे शेवटी वहिनींचाच पर्याय चालला, देवळाच्या दर्शनाचा.

नवानंतरच्या टोकनांचे बरेच मालक आलेच नाहीत. जेवायला गेलेले ते सहा जण आले, सव्वादहाला, आणि त्यांना आंगणात जागा मिळाली.

एक गोष्ट आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. समोरच्या घरात एक वयस्क ख्रिस्ती बाई एकट्या राहतात. आम्ही आवाजाची काळजी करत होतो. त्यांची तक्रार आवाजाची नव्हतीच. गाणं त्यांना आवडलं होतं. पण रांगेतली माणसं त्यांच्या सोप्यावर जाऊन बसली, कुणी सरबताचे पेले तिथेच ठेवले, आणि दोन-तीन जणांनी त्यांच्या खिडकीचे फोटो काढले, आत दिवा असताना, आत त्या असताना. फोंतान्हास आणि मळा या पणजीच्या जुन्या वस्त्यांत राहणाऱ्यांना हे नवीन नाही; रंगीत भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांना कंटाळून तिथल्या कितीतरी घरांवर पाट्या लागल्या आहेत. आम्ही स्वतः पणजीकर, पर्यटकांच्या नावाने बोटं मोडणारे, आणि एका रात्रीत आम्हीच ती गर्दी त्यांच्या दारात आणून सोडली. गल्लीत एकाही घरी जाऊन आधी सांगितलं नव्हतं. अर्ज केला होता तो कार्यालयात.

निष्पत्ती

जिन्याखालच्या डब्यात 214 अर्धी टोकनं निघाली. टोकनाशिवाय आलेल्यांच्या वहीत 131 रेघा. एकूण 345 माणसं माडीवर जाऊन आली. ठरवलेल्या 360 च्या इतक्या जवळचा आकडा पाहून एका सहकाऱ्याने “यशस्वी” असा अहवाल लिहायला घेतला होता. पण 146 टोकनं परत आली नाहीत. त्यांतली काही उगाच घेतलेली, काही उशिराला कंटाळून निघून गेलेल्यांची. डब्यात पडणाऱ्या अर्ध्या टोकनावर प्रत्यक्ष चढण्याची वेळ टाकली असती तर उशीर सव्वासातलाच कागदावर दिसला असता, आणि मला तीसची बुद्धी सुचायची वेळ आली नसती. एवढं सुबक टोकन, त्यावर एक रिकामी चौकट छापायला काय झालं होतं?

कुणाला इजा झाली नाही. एक तबकडी गेली. कठड्याचा खांब आणि दोन पायऱ्या सुताराने बदलल्या. जुना खांब आतून वाळवीने पोकळ झालेला निघाला. म्हणजे तो वीस जणांच्या गटातही कधीतरी निघालाच असता. हे मला सुताराने धीर द्यायला सांगितलं. तो धीर मी घेतला नाही, कारण पोकळ खांब शोधण्यासाठीच तर अभियंत्याला बोलावलं होतं, आणि त्याला आम्ही फक्त जमीन दाखवली.

टॉर्च मारणारे अगदी थोडे निघाले. मोठ्या प्रतींचा तो प्रयोग बाकीच्या सहांतल्या दोन ठिकाणांनी आता कायमचा उचलला आहे.

पुढच्या वेळी काय बदलायचं

टोकनं पूर्ण सोडून देऊ नयेत, असं मला अजूनही वाटतं; लांबून येणाऱ्याला खात्री हवी असते. सत्तरीतून आलेल्या माणसाची खाजगी बस संध्याकाळीच बंद होते, त्याला नऊपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. पण निम्म्याच जागा टोकनाला द्याव्यात, तीही समोर हजर असलेल्या माणसालाच, एकाला एक, आणि पुढच्या तासाभरातलीच. उरलेल्या जागा रांगेला. पन्नास रुपये परतीचा पर्याय यंदा नीट बसून बोलायचा आहे. मी त्याच्या बाजूने आहे, भाई विरुद्ध.

ग्रामोफोन पहिल्यापासून आंगणात. आणि वाजवायच्या त्या ज्यांची दुसरी प्रत कपाटात आहे अशाच तबकड्या. जी गोष्ट माणसाला थांबवते तिला अरुंद जागेत ठेवायचं नाही, हे आम्ही मांडणी ठरवताना एकदाही बोललो नव्हतो. पेटीत काय ठेवायचं यावर तीन बैठका झाल्या, माणूस कुठे थांबेल यावर एकही नाही. खालच्या खोलीत त्या मोठ्या प्रतींपुढे दोन बाकं ठेवायची आहेत, आणि दारावरच्या मुलाला सांगायचं आहे की कोणी कुणाला काही समजावत असेल तर त्याला हलवू नकोस, पुढच्यांना बाजूने काढ. त्या गृहस्थांचा पत्ता आम्ही घेतला नाही.

अभियंता पुन्हा येऊन गेले. या वेळी त्यांनी जिना, कठडा, बाल्कांवाची पायरी, सगळं बघितलं. माडीसाठी आकडा वीसचाच ठेवला, जिन्यासाठी एका वेळी चार, एकाच दिशेने.

समोरच्या बाईंकडे मी आणि वहिनी गेलो, बोलणं वहिनींनी केलं. त्यांनी दोन अटी घातल्या: दहाला गल्ली रिकामी झाली पाहिजे, कारण त्यांना सकाळच्या मिशेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असतं, आणि त्यांच्या सोप्यापुढे दोरी नको, दोरीने घराची शोभा जाते, त्यापेक्षा तिथे आमचा एक माणूस बसवा. बसवणार आहोत. म्हणजे वेळ 10.30 ची 9.45 वर आली, शेवटच्या तीन फेऱ्या गेल्या आणि आकडा तीनशेवर. मला तो चालतो.

भाईंनी तबकडीचे तुकडे एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहिली आणि कपाटात तिच्या जागीच ठेवलं. यंदा घर उघडायचं की नाही, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. वहिनी मात्र परवा विचारत होत्या, आंगणात चटया किती लागतील.